ताटातली मोरी, पडद्यावरचा शार्क

बेळगावात समुद्र दोन वाटांनी येतो. एक वाट घाटाची. कारवार, गोवा, मालवणकडून बर्फात घातलेले बांगडे, तारल्या, सुरमई वर चढून येतात, कधीमधी मोरीही. दुसरी वाट पडद्याची. पहिल्या वाटेने आलेल्या मोरीचं मटण भाजक्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवून भाकरीबरोबर चापणारं घर, दुसऱ्या वाटेने आलेला शार्क बघताना मात्र पाय वर घेऊन बसतं. मोरी म्हणजे लहान जातीचा शार्कच, हे ठाऊक असूनही!

हिशेब मांडला तर कुणी कुणाला घाबरायचं ते उघड आहे. शार्कच्या चाव्याने जगभरात वर्षाला साधारण पाच-दहा माणसं दगावतात. माणूस मात्र वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो, असा २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. आपल्या मनातली भीती बरीचशी कॅमेऱ्याने घातलेली आहे. ती काढायलाही, निदान थोडीफार, कॅमेराच उपयोगी पडला. विशेष म्हणजे ही दोन्ही कामं एकाच जोडप्याच्या हातून झाली. ऑस्ट्रेलियातले रॉन आणि व्हॅलरी टेलर.

रॉनचा जन्म १९३४चा, व्हॅलरीचा १९३५चा. दोघंही सुरुवातीला पाण्याखाली मासे मारणारे. श्वास रोखून बुडी मारायची आणि भाला सोडणाऱ्या बंदुकीने मासा टिपायचा, असा हा खेळ. त्याच्या जागतिक स्पर्धा होत, आणि १९६५ साली रॉन त्यात जगज्जेता झाला. पुढे दोघांनी तो खेळ सोडला आणि भाल्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. वाल्याचा वाल्मीकी झाला म्हणावं अशी ही गोष्ट आहे खरी, पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. भाला असो की कॅमेरा, दोन्हींची अट एकच आहे: जवळ जा. भाल्याचं कारण सांगायला नको. कॅमेऱ्याचं कारण मात्र पाण्यात आणि प्रकाशात दडलेलं आहे.

पेल्यातलं पाणी रंगहीन दिसतं, कारण पेला छोटा असतो. खरं तर पाणी लाल प्रकाश भराभर शोषून घेतं. पहिल्या पाच-दहा मीटरांत लाल रंग जवळजवळ संपतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो, निळा सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतो. वीसेक मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. प्रकाशाची वाट म्हणजे नुसती खोली नव्हे. पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत, अशी दोन्ही अंतरं धरायची. मासा तीन मीटर खोल असेल आणि तुम्ही सहा मीटरवरून चित्र घेत असाल, तर त्या प्रकाशाने नऊ मीटर पाणी कापलेलं असतं. मग झूम करून उपयोग काय? निळ्या धुरकट पाण्यातला निळा धुरकट मासा, फक्त आकाराने मोठा.

दिवा न्यावा तर वेगळीच पंचाईत. समुद्राच्या पाण्यात गाळ, सूक्ष्म वनस्पती, बारीक जीव असं बरंच काही तरंगत असतं. भिंगाशेजारीच दिवा लावला की त्यातल्या प्रत्येक कणावरून उजेड उलटून येतो आणि सगळं चित्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरतं. जुलैत चोर्ला घाटात, धुक्यात, गाडीचे दिवे वरच्या झोतावर टाकून बघा. समोर रस्त्याऐवजी पांढरी भिंत दिसते, तोच हा प्रकार. म्हणून पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे दिवे लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंना फाकवून लावतात, म्हणजे भिंगासमोरचे कण उजळत नाहीत. एवढं करूनही नितळ, रंगीत चित्र मिळतं ते मीटर-दीड मीटरच्या आत. त्यातच सपाट काचेतून पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशावर असल्यासारखी, म्हणजे तिसरा हिस्सा मोठी दिसते आणि दृश्य आक्रसतं. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीला घुमटासारखी गोल काच बसवतात आणि आत रुंद कोनाचं भिंग घालतात. हे सगळं कशासाठी, तर आणखी जवळ जाता यावं म्हणून.

शार्कचं चांगलं चित्र हवं, तर शार्कपासून हातभर अंतरावर थांबायला हवं. तिथे थांबायचं तर तो कधी पाठीला बाक देतो, कधी गोल घिरट्या घालतो, कधी नुसतं नाक लावून बघून निघून जातो, हे शिकून घ्यावंच लागतं. पाण्याखाली चित्रण करणारी इतकी माणसं पुढे समुद्राची शिक्षक का झाली, याचं उत्तर मला तरी इथे दिसतं. जंगलात चित्रण करणारा लांब मचाणावर बसून दुर्बिणीएवढ्या भिंगातून वाघ टिपू शकतो. पाण्यात ती सोय नाही.

१९७४ साली टेलर दांपत्याकडे हॉलिवूडचं काम आलं. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याबाहेर खऱ्या पांढऱ्या शार्कचं चित्रण करायचं होतं. कथेतला शार्क २५ फुटी होता, खरे शार्क त्याहून बरेच लहान. मग निर्मात्यांनी युक्ती काढली. शार्कपासून बचावासाठी माणूस ज्यात बसून पाण्यात उतरतो तो पिंजरा नेहमीपेक्षा छोटा बनवला आणि त्यात उतरायला अगदी ठेंगणा माणूस आणला, म्हणजे समोरचा शार्क आपोआप राक्षसी दिसेल. त्या माणसाने पाण्यातला शार्क पाहिला आणि त्याची घाबरगुंडी उडाली. तो बोटीवर असतानाच एक शार्क रिकाम्या पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकला आणि सुटण्यासाठी त्याने पिंजऱ्याची पार मोडतोड केली. ते चित्रण इतकं थरारक निघालं की वाया घालवणं कुणाच्या जिवावर आलं. पण पिंजरा तर रिकामा! म्हणून कथाच बदलली. मूळ कथेत पिंजऱ्यात मरणारा शास्त्रज्ञ चित्रपटात आधीच निसटून वाचतो, तो त्यामुळे. जगाने पडद्यावर पाहिला तो नरभक्षकाचा हल्ला. बोटीवरच्या माणसांनी पाहिला होता तो गुरफटलेला, धडपडणारा मासा.

१९७५ साली चित्रपट आला आणि शार्क मारणं हे जणू शौर्याचं काम झालं. आपल्या चित्रणाचा असा परिणाम होईल हे टेलर दांपत्याच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढची कित्येक वर्षं दोघं शार्कची बाजू मांडत हिंडले. १९८०च्या सुमारास व्हॅलरीने पोलादी कड्यांचा अंगरखा घालून शार्कला चावू दिलं. खाटीक हात कापू नये म्हणून घालतात त्या जाळीदार हातमोज्यांवरून रॉनला ही कल्पना सुचली होती. गंमत म्हणजे शार्क चावायला तयारच होईनात. जाळीखाली माशाचे तुकडे भरले तेव्हा कुठे एकाने तोंड लावलं.

ग्रे नर्स नावाच्या शार्कची कथा मला याहून मोलाची वाटते. दिसायला महाभयंकर, दात तोंडाबाहेर आलेले, पण स्वभावाने संथ, मासे खाऊन राहणारा. दिसतो भयंकर म्हणून पाण्याखालचे शिकारी याला बेधडक मारत. त्याची मादी एका वेळी दोनच पिल्लं देते, तीही साधारण दोन वर्षांतून एकदा. गर्भाशय दोन, आणि प्रत्येकात सर्वांत मोठं झालेलं पिल्लू बाकीच्या भावंडांना पोटातच खाऊन टाकतं! १९४८ साली एक शास्त्रज्ञ अशा मादीच्या गर्भाशयात हात घालून तपासत असताना आतलं पिल्लू त्यांना चावलं, अशी नोंद आहे. इतका सावकाश वाढणारा प्राणी मारत सुटलं तर उरणार किती? टेलर दांपत्याने आणि इतरांनी हा प्रश्न लावून धरला. १९८४ साली न्यू साउथ वेल्स राज्याने या शार्कला संरक्षण दिलं. कायद्याचं कवच मिळालेली शार्कची ही जगातली पहिली जात.

आपल्या मोरीचं चित्र याच्या उलट आहे. बेळगाव-धारवाडकडे प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्यांना स्कोलिओडॉन हे मोरीचं प्रयोगशाळेतलं नाव विसरता येणार नाही. फॉर्मेलिनचा तो वास, मेणाचा ट्रे आणि टाचण्या! पश्चिम किनाऱ्यावर मिळणारा हा छोटा शार्क वर्षभर वितो आणि एका खेपेला दहा-बारा पिल्लंही देतो. त्याचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं. त्यात पिवळा बलक जवळजवळ नसतोच, म्हणून पिल्लू आईच्या पोटात नाळेवर वाढतं. सस्तन प्राण्यांसारखी नाळ, आणि तीही माशाला.

भारतात कॅमेऱ्याने कायदा हलवल्याचं ठळक उदाहरण व्हेल शार्कचं. जगातला सर्वांत मोठा मासा, १२ मीटरहून लांब होणारा, पण खाणं काय, तर पाणी गाळून मिळणारे सूक्ष्म जीव. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी आणि निर्यातीच्या मांसासाठी त्याची सर्रास शिकार चाले. माइक पांडे यांनी त्या शिकारीवर माहितीपट केला. तो २०००च्या सुमारास लोकांपुढे आला आणि २००१ साली व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण नुसत्या कायद्याने कोळी जाळं कापत नाही. २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हटलं, फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, आणि कोळी स्वतःहून अडकलेले मासे सोडू लागले. चित्रपट, कायदा, कथाकार आणि जाळ्याचे पैसे, चारही लागले.

आता आपल्याकडच्या पोरांचं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यांत पोहणं शिकतात ते विहिरीत, पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून. जरा धीट झालं की तळाची माती मुठीत धरून वर आणायची पैज लागते. तीन मीटरवर कान दुखायला लागतात, कारण वरच्या पाण्याचा दाब पडदा आत ढकलतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की आतून हवा कानात जाते आणि बरं वाटतं. ही युक्ती समुद्रातही तीच. पण विहिरीतली दुसरी सवय, श्वास रोखून धरायची, हवेचं नळकांडं पाठीवर घेतलं की जीवघेणी ठरते. दर दहा मीटरला जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी तयार केलेला झडपेचा श्वसनयंत्रसंच आजूबाजूच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात देतो. त्यातली झडप गान्यांने मुळात युद्धकाळात गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी केली होती. दहा मीटरवर घेतलेली छातीभर हवा श्वास कोंडून वर आणली तर दुप्पट फुगते, आणि फुफ्फुसं फाटतात. म्हणून पहिला धडा एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. चित्रण करणाऱ्याला तर त्याचाही त्रास, कारण श्वास घेतला की शरीर वर उचललं जातं, सोडला की खाली बसतं, आणि त्याबरोबर चित्रही.

शिकायची ठिकाणं आपल्यापासून लांब नाहीत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा, म्हणजे हवेचं नळकांडं घेऊन बुडी मारण्याचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. शेजारचं मालवण सागरी अभयारण्य १९८७चं. कारवारला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे, दोना पावल्याला १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाभोवतीचं पाणी किनाऱ्यालगतच्या पाण्यापेक्षा नितळ. पावसाळ्यात मात्र सगळंच गढूळ, आणि त्यात आपलाही वाटा आहे. म्हादई खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगवते आणि पणजीजवळ मांडवी होऊन समुद्राला मिळते. जाताना वाटेतली माती घेऊन जाते. शिवाय पावसाळ्यात खालचं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती माजतात. पाणी हिरवं होतं, पण याच वनस्पतींवर तारल्या पोसतात.

ऑक्टोबरनंतर जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं, जे कोकणातल्या माणसाला लागू नाही आणि आपल्याला आहे. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधी उंचावर गेलं की हवेचा दाब घटतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमान टाळायचं ते त्यासाठीच: एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८. हा नियम सुमारे ६०० मीटरपासून वरच्या उंचीला धरतात, आणि बेळगाव आहे सुमारे ७५० मीटरवर. मालवणात पर्यटकांना चार-पाच मीटरवर फिरवून आणतात त्यात धोका फार नाही. पण रीतसर शिकताना १८ मीटरपर्यंत जायचं असेल, तर संध्याकाळी आंबोली चढून घरी जेवायला यायचा बेत रद्द करून तारकर्लीतच मुक्काम ठोकावा.