काळ्या गाडीला पॉलिश की वॅक्स?

स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "बाइकचं पॉलिश द्या" म्हटलं की काउंटरवर दोन-तीन डबे येतात. एकावर पॉलिश लिहिलेलं, दुसऱ्यावर वॅक्स, तिसऱ्यावर चक्क 'वॅक्स पॉलिश'. लावायची पद्धतही सारखीच दिसते: फडक्यावर घ्या, टाकीवर फिरवा, पुसून टाका. मग जो स्वस्त तो डबा घरी येतो. खरं तर दोघांची कामं उलटी आहेत. पॉलिश रंगाच्या वरचा थर किंचित घासून काढतं, वॅक्स त्या थरावर नवा थर बसवतं. पांढऱ्या गाडीवर ही गफलत खपून जाते. काळ्या गाडीवर उन्हात लगेच दिसते.

आधी थर समजून घेऊ. पत्र्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट. तो साधारण 30 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. टाकीवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात, ते काळ्या रंगात नसून या लॅकरमध्ये असतात. प्रत्येक ओरखड्याच्या कडेवर प्रकाश विखुरतो, आणि मागे काळं असल्यामुळे ती रेघ पांढरी होऊन उठून दिसते.

पॉलिशमध्ये अतिशय बारीक घर्षक कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा लॅकर खाली आणतात, कडा बोथट होतात आणि रेघ दिसेनाशी होते. लॅकरला मर्यादा आहे, त्यामुळे पॉलिशलाही आहे. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा; नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही. त्याच्या मागे लागून घासत बसलात तर लॅकर संपेल आणि तिथे मंद, पिठूळ डाग उरेल. टाकीच्या धारांवर आणि साइड पॅनेलच्या कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे हात हलका ठेवा. लॅकरच्या वर चिकटवलेले स्टिकर असतील तर त्यांच्या कडेला मास्किंग टेप लावा, नाहीतर पॉलिश कडेत शिरून पांढरी रेघ राहते. रबिंग कंपाउंड हा याच घराण्यातला जाडाभरडा भाऊ. तो रंगकाम करणाऱ्याच्या हातातच बरा.

हाताने पॉलिश करायचं तर गाडी धुऊन, पूर्ण वाळवून, सावलीत आणि टाकी थंड असताना. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या. एका वेळी साधारण एक फूट लांब-रुंद भाग, आधी उभे, मग आडवे हात, मध्यम दाबाने दोनेक मिनिटं. लगेच स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्याने एकदा पुसून घ्या. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून राहतं आणि गाडी नव्यासारखी वाटते. दोन धुण्यांत तेल जातं, ओरखडे परत. अल्कोहोलने पुसल्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून जे दिसेल तेच खरं.

पॉलिश केलेला लॅकर गुळगुळीत असतो, पण उघडा. तिथे वॅक्स लागतं. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारं कडक मेण. ते 80 अंशांच्या पुढे वितळतं. सिलंट म्हणून मिळतं ते याचंच कृत्रिम भावंड, टिकतं जास्त. दोन्ही लॅकरमधून काहीच काढत नाहीत, आणि ओरखडेही घालवत नाहीत. फार तर थोडे झाकतात.

वॅक्स लावताना हावरेपणा नको. थर इतका पातळ हवा की जेमतेम दिसावा. पाच-दहा मिनिटांनी बोट फिरवून पाहा: खाली स्वच्छ चकाकी दिसली तर पुसा, वॅक्स चिकट ओढलं गेलं तर थांबा. जुलैच्या दमट हवेत हे वाळायला जास्त वेळ लागतो. जाड थर नीट वाळत नाही, काळ्यावर पांढुरके पट्टे सोडतो आणि धूळ धरतो. न रंगवलेल्या खरखरीत काळ्या प्लास्टिकवर वॅक्स अजिबात नको, तिथे ते पांढरं होऊन बसतं. सीट, टायर, फूटरेस्ट आणि डिस्क यांच्यापासून तर लांबच ठेवा.

डब्यातला माल ओळखायचा कसा? नावाकडे न बघता मागचा मजकूर वाचा. ओरखडे, डाग, ऑक्सिडेशन काढतं असं लिहिलं असेल तर आत घर्षक आहे. संरक्षण, पाणी न टिकणं, अतिनील किरणं असं असेल तर वॅक्स किंवा सिलंट. 'वॅक्स पॉलिश'मध्ये दोन्ही थोडं थोडं असतं. ते दर आठवड्याला लावणारा माणूस दर आठवड्याला लॅकर झिजवतो. आणि स्प्रेच्या बाटलीतलं 'पॉलिश' बहुधा सिलिकॉनची चमक, दोन दिवसांची.

मुंबईत याचं वेळापत्रक पावसाभोवती लावावं. मे महिन्याच्या शेवटी पॉलिश करण्यात अर्थ नाही; चार महिने चिखल, मेट्रोच्या कामांची धूळ आणि ओलसर खारी हवा यांत नवे ओरखडे पडणारच. तेव्हा फक्त वॅक्स, आणि पावसात दर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा. पाणी थेंब धरून घरंगळण्याऐवजी पसरून बसायला लागलं की वॅक्स संपलं. टाकीच्या झाकणाभोवती ते आधी जातं, कारण सांडलेलं पेट्रोल वॅक्स विरघळवतं. पॉलिश पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, वर्षातून एकदा पुरे. पूजेनंतर सुकलेलं कुंकू कोरड्या फडक्याने घासू नका, पाण्याने वाहू द्या. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर हँडलला बांधा, टाकीवर लोळू देऊ नका.

कबुतराची विष्ठा पडली तर वॅक्स थोडा वेळ मिळवून देतं, इतकंच. उन्हात तापलेल्या लॅकरमध्ये ती काही तासांत खड्डा पाडते. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून उचला, घासू नका. खड्डा पडलाच तर ते पॉलिशचं काम. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुऊन गाडी तशीच वाळू दिली की क्षारांची पांढरी वर्तुळं राहतात. पालिकेच्या तलावांतल्या पाण्याने हा त्रास बराच कमी. ताजी वर्तुळं पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन मिनिटभर लावलं तर निघतात. मग भरपूर पाणी टाका आणि त्या जागी वॅक्स परत लावा.

एवढं करूनही ओरखडे परत येत असतील तर सोसायटीत सकाळी गाड्या पुसल्या जातात ते बघा. एक बादली, एक पिवळं फडकं, दहा-पंधरा गाड्या. आधीच्या गाडीची वाळू तुमच्या टाकीवर फिरते. आमचं मत स्पष्ट आहे: काळी गाडी कोरडी पुसण्यापेक्षा धुळकट राहिलेली बरी. पुसणाऱ्या दादांना फक्त चाकं आणि इंजिन सांगा, टाकी स्वतः धुवा. दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत कापड विसळायला साधं. धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, वॅक्स उतरतं. कव्हर घालायचं तर गाडी स्वच्छ असतानाच आणि खालून पट्टा आवळून; धुळीवर घातलेलं सैल कव्हर वाऱ्यावर फडफडत रात्रभर टाकी घासतं.

गाडी मॅट काळी असेल तर यातलं काहीच लागू नाही. मॅट लॅकर मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. पॉलिशने तो सपाट होऊन चकचकीत ठिपका पडतो आणि तो परत मॅट करता येत नाही. साधं वॅक्स खळग्यांत भरून डागाळतं. मॅटसाठीचा वेगळा शॅम्पू आणि मॅटसाठीचंच सिलंट, दोन्ही आधी टाकीच्या खालच्या बाजूला लावून पाहावं.