ॲप बंद पडतंय? आधी ते कधी पडतं ते बघा

पावसाळ्यात राधानगरी धरण काठोकाठ भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडायला लागतात. कुणी बटण दाबत नाही, वीज लागत नाही; धरणाला धोका होऊ नये म्हणून जादा पाणी आपोआप बाहेर पडतं. आपल्या मोबाईलमध्येही असाच एक बंदोबस्त असतो. 'ॲप आपोआप बंद पडतंय' म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मोबाईल दुकानांत येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ त्या बंदोबस्तातच असतं.

रॅम म्हणजे फोनची चालू कामाची जागा. ती 4 जीबी असली तरी त्यातला मोठा वाटा खुद्द अँड्रॉइडच घेतं. उरलेल्या जागेत व्हॉट्सॲप, कॅमेरा, नकाशा, बँकेचं ॲप अशी सगळ्यांची दाटी. जागा संपत आली की 'लो मेमरी किलर' नावाची यंत्रणा कामाला लागते. कुणाला आधी काढायचं याचा क्रम ठरलेला असतो: मागे नुसतं पडून असलेलं ॲप पहिलं, समोर पडद्यावर चालू असलेलं शेवटचं. म्हणून तुम्ही निम्मा फॉर्म भरून ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाता आणि परत येता तेव्हा फॉर्म कोरा असतो. अशा वेळी ॲपला दोष देऊ नका. रॅम खाणारा गेम तेवढा बंद करा, आणि दिवसभर मागे चालायलाच हवं असं एखादं ॲप असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याच्यावरचं बॅटरीचं बंधन काढा. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागची ॲप फारच लवकर बंद करतात. सगळी ॲप दर थोड्या वेळानं वर सरकवून उडवायची सवय मात्र खरंच सोडा. पुढच्या वेळी प्रत्येक ॲप पहिल्यापासून सुरू करावं लागतं आणि त्यात बॅटरी जास्तच जाते.

ॲप समोर असताना, दर वेळी त्याच ठिकाणी, उदाहरणार्थ फोटो जोडताना, धाडकन बाहेर पडत असेल तर प्रकार वेगळा. तिथे प्रोग्रॅममध्येच चूक असते. त्याला आकडा हवा होता आणि हाती काहीच आलं नाही, किंवा आपल्या वाट्याच्या नसलेल्या मेमरीत त्यानं हात घातला. दुसऱ्याच्या मेमरीत शिरू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला प्रोसेसर तिथेच पकडतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बंद करते. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप आपापल्या बंदिस्त जागेत चालतं, त्यामुळे एक पडलं तरी बाकीची शाबूत राहतात.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला आपण 'हँग मारतंय' म्हणतो तो. बोट लावल्यावर ॲपनं 5 सेकंदांत दाद दिली नाही की अँड्रॉइड विचारतं: थांबायचं की बंद करायचं? जुन्या फोनवर एकदा थांबून बघायला हरकत नाही.

कधी चूक ॲपमध्येही नसते. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतलं 'ज्ञा' हे एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची ॲप कोसळत होती. भारतीय लिप्यांत अक्षरं एकमेकांना जोडून नवा आकार तयार होतो, आणि तो आकार मांडणारा आयओएसचा (आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) भागच त्या अक्षरापाशी गडबडत होता. ॲपलनं आयओएस 11.2.6 काढून ते दुरुस्त केलं. जोडाक्षरांवर जगणाऱ्या आपल्या मराठीसाठीही हे महत्त्वाचं आहे. आपल्या लिपीत ॲप नीट तपासून बघा, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे. मग मार्च 2021 मध्ये जगभर अँड्रॉइडवर जीमेलसकट अनेक ॲप पटापट बंद पडू लागली. ॲपच्या आत वेबपान दाखवणारा 'वेबव्ह्यू' नावाचा एक सामाईक भाग असतो, त्याचा अपडेट सदोष होता. लोक बिचारे जीमेल काढून परत टाकत बसले. त्याचा उपयोग नव्हता. वेबव्ह्यू आणि क्रोमचा नवा अपडेट आल्यावरच ते थांबलं. एकाच दिवशी चार ॲप पडायला लागली तर आधी हे दोन अपडेट आहेत का ते प्ले स्टोअरवर बघावं.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा दुकानात उधारीचं ॲप उघडलं की लगेच मिटत होतं. मदतीला आलेला पोरगा म्हणाला, "काका, डिलीट करून परत टाकूया, दोन मिनिटांचं काम." काकांनी फोन मागे ओढला. "थांब लेका, पाडव्यापास्नंची उधारी हाय त्यात."

काकांचं बरोबर होतं. हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर परत लॉगिन केल्यावर तो येतो. फक्त फोनमध्येच असेल तर ॲपबरोबर जातो. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावाखाली 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर स्टोरेज' अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात. कॅशे म्हणजे पुन्हा आणता येईल अशी तात्पुरती साठवण, ती बिनधास्त पुसा. स्टोरेज पुसलं की लॉगिन, नोंदी, फोनमधला हिशेब, सगळं जातं. आयफोनवर 'ऑफलोड' हा पर्याय आहे, त्यात ॲप निघतं पण त्याचा डेटा जागेवर राहतो.

काकांच्या फोनचं दुखणं शेवटी वेगळंच निघालं: गणपतीच्या मिरवणुकीचे आणि कुस्तीचे व्हिडिओ साठून फोनचं स्टोरेज पूर्ण भरलं होतं. उघडताना ॲपला आपल्या डेटाबेसमध्ये नोंद करावी लागते, आणि लिहायला जागाच उरली नव्हती. व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतले, फोन बंद करून चालू केला, ॲप उघडलं. काकांनी सगळ्यात आधी सगळ्या उधारीची पीडीएफ काढून मुलाला पाठवली.

एवढं करूनही ॲप पडतच असेल तर ॲप अपडेट करा, आणि तरीही पडलं तर बनवणाऱ्यांना कळवा. ते दुर्लक्ष करतात असं समजू नका. रोजच्या वापरकर्त्यांपैकी 1.09 टक्क्यांहून जास्त लोकांकडे ॲप कोसळायला लागलं तर गूगल प्ले त्याला मागे ढकलू शकतं, त्यामुळे त्यांनाही घाई असते. फक्त 'चालत नाही' असं लिहून एक स्टार देऊ नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती, आणि नेमकं काय करताना पडलं तेवढं लिहा: 'ग्राहकाचं नाव मराठीत टाकून सेव्ह दाबलं की बंद होतं.' एवढ्यावरून बनवणाऱ्याला तोच प्रकार आपल्या फोनवर करून बघता येतो.