कृषी कार्यालयांची पुनर्रचना व विधिमंडळाची देखरेख

जिल्हा, तालुका व मंडळ (तालुक्यातील काही गावांचा गट) पातळीवरील शासकीय कृषी कार्यालये एकत्र करणे, त्यांची पदे कमी-अधिक करणे, कार्यक्षेत्रे नव्याने आखणे किंवा एका यंत्रणेकडील योजना दुसरीकडे सोपवणे, या सर्वांना मिळून कृषी यंत्रणेची पुनर्रचना म्हणतात. अशा आराखड्यांची राज्य विधिमंडळ प्रश्न, चर्चा, अनुदानाच्या मागण्या आणि समित्या या मार्गांनी जी तपासणी करते, ती त्यांवरील विधिमंडळाची देखरेख होय. या नोंदीत हा विषय कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात मांडला आहे.

महाराष्ट्रात शेतीखात्याच्या दोन यंत्रणा शेजारी-शेजारी काम करतात. पहिली थेट राज्य शासनाची आहे. पुण्यातील कृषी आयुक्तालयाखाली कोल्हापूरचे विभागीय कृषी सहसंचालक (कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे), त्यांच्याखाली जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, उपविभागीय, तालुका व मंडळ कृषी अधिकारी, कृषी पर्यवेक्षक आणि गावपातळीवर कृषी सहायक अशी ती उतरंड आहे. कृषी सहायकांचे पदनाम २०२५ मध्ये सहायक कृषी अधिकारी, तर कृषी पर्यवेक्षकांचे उप कृषी अधिकारी असे झाले. दुसरी यंत्रणा जिल्हा परिषदेची असून तीत जिल्ह्याला कृषी विकास अधिकारी, तर पंचायत समितीत कृषी अधिकारी व विस्तार अधिकारी असतात. करवीरपासून चंदगडपर्यंतच्या बाराही तालुक्यांत या दोन्ही यंत्रणा आहेत. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून विहीर हवी असेल तर त्याचे काम पंचायत समितीत असते, आणि त्याच शेतकऱ्याला ठिबक संच किंवा पॉवर टिलर घ्यायचा असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याचे कार्यालय गाठावे लागते. पुनर्रचनेचा प्रत्येक प्रस्ताव शेवटी या दुहेरीपणाशी येऊन ठेपतो: दोन्ही यंत्रणा एक कराव्यात का, आणि केल्यास ताबा कोणाकडे राहावा.

यापूर्वीही असे बदल झाले आहेत. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ लागू होऊन १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा शेती हा त्यांच्या प्रमुख विषयांपैकी एक होता. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने प्रशिक्षण व भेट योजना, म्हणजे कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण देऊन ठरलेल्या दिवशी शेतकऱ्यांकडे पाठवण्याची पद्धत, आली. १९९८ मध्ये विस्तार (शेतीविषयक माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे), फलोत्पादन व मृदसंधारण यांची वेगवेगळी कार्यालये ‘एक खिडकी’ पद्धतीखाली एकत्र करण्यात आली. पुढे २०१७ मध्ये मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभाग झाला, आणि जे काम १९९८ मध्ये एका छताखाली आणले होते त्याचाच एक मोठा भाग पुन्हा बाजूला निघाला.

देखरेखीचा खरा प्रश्न कायदा आणि शासन निर्णय यांतील अंतरात आहे. जिल्हा परिषदेची कामे १९६१ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत नोंदलेली आहेत. तिच्या कृषी समितीला आधारही त्याच अधिनियमाचा आहे. शिवाय १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ‘कृषी विस्तारासह शेती’ हा पहिलाच विषय आहे. राज्याच्या स्वतःच्या कृषी कार्यालयांना मात्र असे वैधानिक कवच नाही. त्यांचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांची रचना, सचिव पातळीवर तपासला जातो आणि शासन निर्णयाने लागू होतो. त्याला सभागृहाची पूर्वसंमती लागत नाही. त्यामुळे एखादे मंडळ कार्यालय बंद करून त्याची गावे शेजारच्या मंडळाला जोडली, तर आमदारांना ते बहुधा निर्णय निघाल्यानंतरच कळते. शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराला सर्वाधिक भिडणारा निर्णय सर्वांत कमी तपासला जावा, ही या व्यवस्थेतील गंभीर उणीव आहे.

तरीही सभागृहाच्या हाती साधने आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना व अर्धा तास चर्चा यांतून मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते, आणि दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देता येते. कृषी सेवांचा बहुतांश खर्च २४०१ ‘पीक संवर्धन’ आणि २४०२ ‘मृद व जलसंधारण’ या लेखाशीर्षांखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या क्रमांकित खात्यांखाली) दिसतो, त्यामुळे पदे किंवा योजना एका विभागातून दुसरीकडे गेल्या की त्याची खूण अर्थसंकल्पात उमटते. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी २२ सदस्य स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या (जिल्हा परिषदा, नगरपालिका इत्यादींच्या) मतदारसंघांतून निवडले जातात आणि कोल्हापूर हा त्यांपैकी एक आहे, म्हणून जिल्हा परिषदेचे अधिकार घटवणाऱ्या प्रस्तावावर तेथे बोलणे हे त्या सदस्याचे स्वाभाविक कर्तव्य ठरते.

जिल्हा परिषदांबाबत सर्वांत धारदार साधन म्हणजे दोन्ही सभागृहांची संयुक्त पंचायत राज समिती. लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवाल व वार्षिक प्रशासन अहवाल समोर ठेवून ती जिल्ह्यांचे दौरे करते, पंचायत समित्यांना भेटी देते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आणि नंतर विभागाच्या सचिवांची साक्ष घेते. समिती जिल्ह्यात येणार म्हटले की दप्तरे अद्ययावत होतात, यातच तिचा वचक दिसतो. पण तिचा आधार झालेल्या खर्चाचे अहवाल असल्यामुळे तिची नजर मागे वळलेली असते, तर पुनर्रचनेचा आराखडा पुढचा असतो. आकृतिबंध लागू करण्यापूर्वी त्याचा मसुदा या समितीपुढे ठेवण्याची प्रथा पडली, तर ही पोकळी बऱ्याच अंशी भरून निघेल.

कोल्हापुरात अशा मसुद्याला विचारायचे प्रश्न भूगोलानेच ठरवून दिले आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ, हातकणंगले व करवीर तालुक्यांत ऊस व सोयाबीन पाण्याखाली गेले. अशा वेळी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व कृषी सहायक यांनी मिळून केलेल्या पंचनाम्यावर भरपाई ठरते. एका सहायकाकडे जास्त गावे आली की पंचनामा लांबतो आणि भरपाईही लांबते. गगनबावडा, शाहूवाडी किंवा चंदगडच्या डोंगरी भागात वाड्या विखुरलेल्या आहेत; भात, नाचणी व काजूच्या या पट्ट्यात केवळ खातेदारांची संख्या किंवा पेरणीक्षेत्र धरून पदे वाटली, तर सहायकाला फिरावे लागणारे अंतर हिशेबातच येत नाही. रिक्त पदांचा मुद्दाही याला जोडूनच पाहावा लागतो, कारण दीर्घकाळ रिकामे ठेवलेले पद पुढच्या आकृतिबंधात अनावश्यक ठरवून वगळणे सोपे जाते.

कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ तेथे प्रशासक होते. त्या काळात कृषी समितीच अस्तित्वात नसल्याने जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातील कोणत्याही बदलावर निवडून आलेल्या प्रतिनिधींनी अधिकृतपणे प्रश्न विचारण्याची व्यासपीठे विधानसभा, विधान परिषद आणि त्यांच्या समित्या एवढीच उरली होती.