ओपनिंग शिम आणि क्लोजिंग शिम: जुन्या डुकाटीतले दोन उलटे हिशेब

टॅपेट वाजतोय म्हटलं की आपल्याकडचा मेकॅनिक कव्हर उघडतो, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालतो, नट सैल करून स्क्रू पाव फेरा फिरवतो आणि दहा मिनिटांत गाडी परत देतो. हीच सवय घेऊन 1990च्या दशकातली डुकाटी 900 सुपरस्पोर्ट उघडली की माणूस चक्रावतो. स्क्रू-नट काहीच नाही, आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर एकाऐवजी दोन शिम, म्हणजे ज्यांच्या जाडीवर फट ठरते असे धातूचे छोटे तुकडे. दोन सिलेंडर, चार व्हॉल्व्ह, म्हणून आठ शिम. डुकाटीचीच 916 असेल तर आठ व्हॉल्व्ह आणि सोळा शिम.

याचं कारण डेस्मो, ही डुकाटीची व्हॉल्व्हची रचना. नेहमीच्या इंजिनात कॅम (उंचवटे असलेला फिरता शाफ्ट) व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. फार वेगात स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह तरंगत राहतो. इटलीतल्या बोलोन्यात डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ टालिओनींनी 1956मध्ये 125 सीसीच्या रेसिंग गाडीत मिटवण्याचं कामही कॅमकडेच दिलं. रस्त्यावरच्या गाड्यांत ही रचना 1968मध्ये आली. म्हणजे एक रॉकर (कॅमने हलणारी छोटी तरफ) व्हॉल्व्ह खाली दाबतो, दुसरा त्याला वर ओढतो. दाबणाऱ्या रॉकरखाली असते ती ओपनिंग शिम, ओढणारा जिला उचलतो ती क्लोजिंग शिम. नावं सोपी आहेत. घोळ होतो तो फटीची दिशा समजण्यात.

ओपनिंग शिम व्हॉल्व्हच्या दांड्यावर टोपीसारखी बसते. तिची फट म्हणजे आपली ओळखीची टॅपेटची फट, थंड इंजिनात मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. क्लोजिंग शिम त्याच दांड्यावर खाली असते. दांड्याला एक खाच असते, तिच्यात तारेच्या दोन अर्ध्या कड्या बसतात आणि त्यांना ही शिम खालून टेकते. तिची फट जवळपास शून्य हवी, पण शून्याच्या खाली नको.

आता गंमत बघा. गाडी चालते तसा व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये, म्हणजे तो मिटताना ज्या कडेवर बसतो तिच्यात, हळूहळू रुततो, म्हणजे दांडा वर सरकतो. वर रॉकर आहे, म्हणून ओपनिंगची फट कमी होते. क्लोजिंग शिम मात्र वर जाताना आपल्या रॉकरपासून दूर जाते, म्हणून तिची फट वाढते. त्यात त्या अर्ध्या कड्याही चेपत जातात आणि फट आणखी वाढते. झीज एकच, पण आकडे दोन बाजूंना पळतात.

त्यामुळे उपायही उलटे. ओपनिंगला पातळ शिम लागते आणि क्लोजिंगला जाड. ओपनिंगची शिम घासून पातळ करता येते. क्लोजिंगवर धातू चढवायला पॉलिश पेपर काय कामाचा? तिथे नवी शिमच आणावी लागते.

मोजतानाही फसगत ठरलेली. प्लग काढा, गाडी स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवा आणि त्या सिलेंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा. ओपनिंगला गेज सरळ घातलं की आकडा मिळतो. क्लोजिंगच्या रॉकरला मात्र एक छोटी मदतनीस स्प्रिंग असते, गाडी सुरू होताना व्हॉल्व्ह मिटलेला राहावा म्हणून. ती रॉकर शिमला चिकटवून ठेवते, त्यामुळे फट कितीही वाढली तरी शून्यच दिसते. ‘माझं क्लोजिंग एकदम परफेक्ट आहे’ असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच चुकलेले असतात. रॉकर स्क्रूड्रायव्हरने खाली दाबायचा, मग गेज घालायचं आणि शिम बोटाने फिरवून पाहायची. जुन्या बुलेटचा पुशरॉड बोटांत फिरतो का हे ज्यांनी तपासलंय, त्यांच्या बोटांना हा अंदाज लगेच येईल.

ओपनिंग फार घट्ट झालं तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि एक्झॉस्टचा असेल तर जळतो. ढिलं झालं तर नुसता आवाज. क्लोजिंग ढिलं झालं की आयडलिंग बिघडतं. घट्ट झालं तर कॅम बसलेल्या व्हॉल्व्हलाच वर खेचत राहतो आणि रॉकरवर नाहक भार येतो. या गाड्यांत रॉकरवरचा क्रोमचा थर सोलवटतो ही जुनी तक्रार आहेच, तिला आपण खतपाणी कशाला घालायचं?

घरी करायचंच असेल तर ओपनिंग शिम बदलणं मला निवांत काम वाटतं. क्लोजिंगला मात्र कड्या काढल्या की व्हॉल्व्हला धरणारं काही उरत नाही, म्हणून पिस्टन वरच हवा. आजूबाजूची भोकं चिंध्यांनी बुजवा, नाहीतर ती इवलीशी कडी इंजिनात जाते आणि रविवार संपतो. कड्यांना ग्रीस लावलं की त्या जागी चिकटून राहतात.

कार्बनचे सायलेन्सर घेण्याआधी मी या कड्यांवर पैसे घालेन. साध्या तारेऐवजी खाचेत घट्ट बसणाऱ्या रुंद कड्या मिळतात, त्या कमी चेपतात.

डुकाटीनेच 2020मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही-4 ला पुन्हा स्प्रिंग दिल्या आणि व्हॉल्व्ह तपासणी 60,000 किलोमीटरवर नेली. आपल्या 900ला ती दर 10,000ला लागते. नव्या कड्या बसवल्या असतील तर क्लोजिंग त्याच्याही आधी, हजारभर किलोमीटरवर एकदा पुन्हा पाहा. कड्या जागेवर दबून बसल्या की फट थोडी वाढलेली असते.