पुढून फेकणारी गाडी

रविवारी सकाळी भाच्याच्या कॉलेजवर गेलो, तर रिकाम्या पार्किंगमध्ये पोरांनी केशरी शंकू मांडून इंग्रजी आठचा आकडा आखला होता. आतल्या वर्तुळांचा व्यास 15.25 मीटर, वाटेची रुंदी 3 मीटर. कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जायचं, तर ‘स्किडपॅड’ नावाची ही परीक्षा चुकत नाही. आधी उजव्या वर्तुळात दोन फेऱ्या, मग डाव्या. पोरांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेली एका सीटची गाडी आत शिरली. स्टीअरिंग पुरतं वळलेलं, पुढची चाकंही वळलेली दिसत होती. गाडी मात्र बाहेरचे शंकू उडवत चालली.

“मामा, पुढून फेकतेय,” भाचा म्हणाला.

याचं पुस्तकी नाव अंडरस्टीअर. पुढच्या चाकांची पकड आधी संपते आणि गाडी हवी तितकी वळत नाही. मागची चाकं आधी सुटली, शेपूट बाहेर आली, तर ओव्हरस्टीअर. या दोन शब्दांमागचं शास्त्र उभं करणाऱ्यांत मॉरिस ओली हा इंजिनिअर मोठा; 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये त्याने त्यावर काम केलं. दोन्ही टोकांची पकड एकदमच संपायला आली, तर गाडी समतोल.

पोरांनी उपाय केला तो नव्वद टक्के लोक करतील तोच. पुढून सुटते ना, मग पुढचं सस्पेन्शन कडक करा! पुढचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीचं झुकणं रोखणारी सळई) कडक केला आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त फेकू लागली.

पिंपळगावहून टोमॅटोचे क्रेट रचून निघालेली पिकअप कसारा घाटात वळताना आठवा. आतली चाकं हलकी होतात, बाहेरची दबतात. किती वजन सरकेल, याचा हिशेब सोपा आहे: गाडीचं वजन गुणिले वळणाचा जोर, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. पोरांची गाडी चालकासकट 320 किलो, गुरुत्वमध्य 0.3 मीटरवर, चाकांमधलं अंतर 1.2 मीटर. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे 1 जी, धरला तर आतल्या बाजूचे 80 किलो बाहेरच्या बाजूला जातात. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, बारही नाही. सस्पेन्शन कितीही कडक करा, सरकणारं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. गाडी कमी झुकते, एवढंच.

मग सस्पेन्शन करतं काय? त्या 80 किलोंपैकी किती वजन पुढच्या जोडीत सरकेल आणि किती मागच्या, हे ठरवतं. जी जोडी कडक, तिच्या वाट्याला जास्त.

आणि इथे टायरचा स्वभाव आडवा येतो. भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. हिशेबापुरते आकडे घेऊ. 80 किलो भाराखाली टायर 120 किलोचा आडवा जोर पेलतो. 120 किलोंखाली 180 नाही, 168. आणि 40 किलोंखाली 64. सरळ रस्त्यावर प्रत्येक चाकावर 80 किलो, म्हणून पुढच्या जोडीची पकड 240. वळणात पुढे-मागे 40-40 किलो सरकले, तर दोन्ही जोड्यांची 232. पुढचा बार कडक केला आणि वाटणी 60-20 झाली, तर पुढची जोडी 222 वर घसरते आणि मागची 238 वर चढते. म्हणजे पोरांनी पुढच्या टायरांची पकड काढून मागच्यांना दिली होती. बार सैल करायला हवा होता, नाहीतर मागचा कडक.

बारमधला फरक वाटतो तसा छोटाही नसतो. भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरच्या जागी 22 चा टाकला, तर तो 46 टक्के कडक होतो. (रुबाबासाठी स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेणारे हौशी लोक नाशकातही कमी नाहीत. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. ती पुढे किती आणि मागे किती, हे त्यांनी कधी मोजलेलं नसतं.)

शोरूममधून येणारी स्पोर्ट्स कारही सहसा मुद्दाम थोडी पुढून सुटणारीच ठेवतात. घाबरलेला माणूस अॅक्सिलरेटर सोडतो, तेव्हा अशी गाडी बहुधा सावरते. मागून सुटणारी गरकन फिरते. ट्रॅकवर नेताना हा सावधपणा थोडा काढून घ्यायचा असतो. पुढच्या चाकांना उणे कॅम्बर, म्हणजे वरची कड आत झुकलेली, अडीच-तीन अंशांपर्यंत देतात. गाडी कलली की बाहेरचा टायर जमिनीवर सपाट बसतो. अलाइनमेंटवाला हे आकडे बघून कपाळावर हात मारेल आणि रोजच्या रस्त्यापुरतं त्याचं बरोबरच आहे. टायर आतून झिजतो. कॅम्बर आणि हवेचा दाब जमला का, ते टायरच सांगतो. फेरी संपताच आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी तापमान घ्यायचं. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर कमी. शॉकअपचा खेळ वळणात शिरताना आणि निघताना. स्किडपॅडवर गाडी एकसारखी फिरत असते, तिथे त्याचं फारसं चालत नाही.

पुढचा बार सैल केल्यावर डावं वर्तुळ सुरेख जमलं. उजव्यात मात्र गाडी अजून पुढून फेकत होती. पोरं पुन्हा बारकडे वळली. मी म्हटलं, थांबा, आधी वजन करा. चालकाला बसवून चारही चाकांखाली काटे ठेवले. डावं पुढचं आणि उजवं मागचं 85-85 किलो, उरलेली दोन 75-75. एक पाय लांब असलेला चौरंग कसा कर्णावरच्या दोन पायांवर उभा राहतो, तसंच. एकूण वजन बरोबर, पुढे-मागे बरोबर, डावं-उजवंही बरोबर, फक्त कर्णावर बिघडलेलं. म्हणून एका वळणात एक स्वभाव आणि दुसऱ्यात दुसरा.

डाव्या पुढच्या चाकाचा पुशरॉड, म्हणजे चाकाचा भार स्प्रिंगकडे नेणारा दांडा, आदल्या रात्री बदलला होता, तो थोडा लांब बसला होता. भाच्याने लॉकनट सैल केला, पाना अर्धा फेरा फिरवला आणि पुन्हा काट्याकडे बघितलं.

“मामा, 83.”

“अजून फिरव,” मी म्हटलं.