रातांब्याचे दोन रंग आणि नॅनोकण

रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीत दोन अगदी वेगळ्या स्वभावांची अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात. लाल अँथोसायनिन पाण्यात चटकन उतरते, पण आम्लता घटली किंवा ऊन-उष्णता लागली की फिकटते. पिवळे गार्सिनॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सरबत गाळले की ते बहुतेक चोथ्यातच राहते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या दोन्हींचा अभ्यास झाला. प्रयोगशाळेच्या चाचणीत दोन्ही जोरकस ठरतात. पोटातून रक्तात किती जाते, हा प्रश्न वेगळा.

तो प्रश्न आधी हळदीने पुढे आणला. १९९८ साली बंगळूरच्या प्रयोगात हळदीतल्या २ ग्रॅम कुरकुमिनसोबत मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर शोषण सुमारे २० पट वाढले. पिपरिनने यकृतातली मोडतोड थोपवली, विरघळण्याची अडचण मात्र तशीच राहिली. तिच्यासाठी सूक्ष्म वाहक लागतात, म्हणजे द्रव्य पोटात घेऊन वाहून नेणारे नॅनोकण. त्यांची सुरुवात १९६५च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक बँगहॅम यांच्या लिपोसोमपासून (स्निग्धाच्या पातळ पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांपासून) धरतात.

कोकणाला जवळचा वाहक म्हणजे कोळंबीच्या टरफलातून निघणारे कायटोसान. १९९७ मध्ये स्पेनमधल्या गटाने त्याचे कण बनवण्याची सोपी रीत दिली: सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात दर मिलिलिटरला १-२ मिलिग्रॅम कायटोसान विरघळवायचे, ढवळत ट्रायपॉलिफॉस्फेट (कायटोसानला बांधणारा, उलट विद्युतभाराचा क्षार) थेंबाथेंबाने सोडायचे. द्रावणाला निळसर दुधी झाक आली की थांबायचे. पुढे गेलात तर गुठळ्या तळाशी बसतात. कणांना साधारण ४.५ ते ५ पीएच (आम्लतेचे माप, आकडा कमी तितके आम्ल जास्त) मानवतो, लाल रंगाला मात्र ३च्या आसपास हवा. म्हणून मध्ये कुठेतरी तडजोड करावी लागते.

आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, थेट वापरायचा मोह इथेच नडतो. त्यातले मीठ कणांवरचा विद्युतभार झाकते आणि कण एकमेकांना चिकटतात. बिनमिठाचा रस किंवा सुकवलेल्या सालीचा अर्क घ्यावा.

गार्सिनॉलसाठी कायटोसानपेक्षा स्निग्ध कण बरे, आणि त्याला लागणारे स्निग्ध घरचेच: मुठेल, म्हणजे रातांब्याच्या बियांचे घट्ट तेल. ते ४० अंशांच्या आसपास वितळते. ७० अंशांवर वितळवून त्यात गार्सिनॉल मिसळायचे, तितक्याच गरम, इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) घातलेल्या पाण्यात घुसळून थंड करायचे. पाणी थंड असेल तर मुठेल आधीच गोठते आणि खडे होतात. ठेवणीत दुसरी कुरकुर निघते: स्निग्धाचे स्फटिक हळूहळू घट्ट रचनेत जातात आणि आतले गार्सिनॉल बाहेर ढकलतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय निघाला तो घन स्निग्धात थोडे पातळ तेल मिसळण्याचा. त्याने स्फटिकांची रचना विस्कळीत राहते आणि द्रव्याला आत जागा मिळते.