पावसानं घराची पडझड: पंचनामा, कागदपत्रं आणि मदतीची रक्कम

मातीची भिंत भर पावसातच पडते असं नाही. झड लागते, भिंत पाणी पिऊन फुगते आणि ऊन पडल्यावर दोन-तीन दिवसांनी बसते. मराठवाड्यातल्या माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पण सरकारी मदतीचा घोळ नेमका इथेच होतो. मदत मिळते ती आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीची, आणि भिंत पडली त्या दिवशी आभाळ मोकळं असलं की ‘घर जुनंच होतं’ असा शेरा बसायला वेळ लागत नाही. म्हणून अर्जात भिंत पडल्याची तारीख लिहाच, शिवाय पाऊस कधीपासून कधीपर्यंत लागून होता तेही लिहा.

कोणत्या कारणानं पडलं तर मदत मिळते? पूर, चक्रीवादळ, भूकंप, गारपीट, दरड, ढगफुटी, आग ही कारणं केंद्राच्या यादीत आहेत. महाराष्ट्रानं त्यात अतिवृष्टी, अवेळी पाऊस, वीज कोसळणे, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग धरली आहे. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा मिळून केलेला भाग) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची नोंद. तुमच्या वाडीवर किती कोसळला याला कागदावर किंमत नाही, मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा बघतात. नुसतं जुनं झालेलं, वाळवीनं खाल्लेलं किंवा गळकं घर या मदतीत बसत नाही.

रक्कम किती, ते आधीच कळलेलं बरं, म्हणजे उसनवारीचा हिशेब चुकत नाही. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे: घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,०००. अंशतः पडझड, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान, असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं तर कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी कुटुंबामागे प्रत्येकी २,५०० वेगळे. २०२५ च्या पावसाळ्यातल्या अतिवृष्टीनंतर राज्यानं मोठं पॅकेज जाहीर केलं, तेव्हाही घरांसाठी हेच आकडे होते. दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून आपल्या घटनेच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू होता ते तहसीलमध्ये विचारा.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. पक्कं घर ‘अंशतः’च्या रकान्यात गेलं तर ६,५००, ‘पूर्णतः’च्या रकान्यात गेलं तर १,२०,०००. मधली पायरीच नाही. दोन भिंती गेल्या, आढं वाकलं, तिसरी भिंत तडकली, अशा घराला साडेसहा हजारांत पत्रेसुद्धा धड होत नाहीत. हा दर ठरवणाऱ्यांनी गवंड्याची रोजंदारी अलीकडे विचारलेली दिसत नाही. ते आपल्या हातात नाही, पंचनामा नीट होणं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे.

पंचनामा

पडझड झाली त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्याला (म्हणजे आपल्या तलाठ्याला) आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) कळवा. फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शहरात असाल तर तहसील कार्यालयाबरोबर नगरपालिकेतही अर्ज द्या.

मलबा उचलण्याआधी फोटो काढा. चारही बाजूंनी, आतून, आणि एक फोटो असा की घर क्रमांकाची पाटी किंवा शेजारचं घर दिसेल. पोरंबाळं घेऊन उघड्यावर राहता येत नाही, हे खरं. वाट मोकळी करावीच लागली तर दगड-माती तिथेच एका कडेला रचून ठेवा. वासे आणि पत्रे लगेच विकू नका.

पंचनामा होताना घरातलं कर्तं माणूस हजर असू द्या. त्या दिवसाची मजुरी बुडेल, तरीही. घर किती खोल्यांचं, त्यातल्या किती पडल्या, कोणत्या भिंती गेल्या, छत कशाचं होतं, हे मजकुरात आलंय का ते वाचून मगच सही किंवा अंगठा करा. उरलेला भाग राहण्याजोगा नसेल तर ते वाक्य स्पष्ट लिहून घ्या, आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी करावी अशी मागणी अर्जातच करा. पंचांमध्ये शेजारी असले तर बरं, कारण पडण्याआधीचं घर त्यांनी पाहिलेलं असतं.

कागदपत्रं

आधार कार्ड, रेशन कार्ड, आधार जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, फोटो आणि घराचा पुरावा. गावात घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात मालमत्ता कराची पावती किंवा मालमत्ता पत्रक. बांधकाम अधिकृत असावं अशी अट आहे, त्यामुळे घराची नोंदच नसेल तर प्रकरण अडतं. घरपट्टी थकली असेल तर उतारा द्यायला कुरकुर होते, तिथे थोडी रक्कम भरून मार्ग निघतो का ते विचारा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते नावावर. उतारा वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे, आणि भाऊ दोन वेगळ्या गावांत. अशा वेळी वारसांनी एकाच्या खात्यावर रक्कम जमा करायला हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र मागतात. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणा म्हणणाऱ्याला तो कशासाठी, हे विचारा.

उरलेला खर्च

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) दुरुस्तीला पैसे देत नाही, ती नव्या घरकुलासाठी आहे. पण घर कच्चं असेल तर ‘आवास प्लस’च्या (घरकुलासाठी पाहणीत नोंदवलेल्या कुटुंबांच्या) यादीत आपलं नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत पाहून घ्या. घरातलं कुणी कंपनीत असेल आणि पीएफ कापला जात असेल, तर घरदुरुस्तीसाठी फॉर्म ३१ भरून ऑनलाइन आगाऊ रक्कम मागता येते. ती स्वतःचीच बचत आहे, व्याज भरावं लागत नाही. त्यानंतर बचत गटाचं कर्ज. मायक्रोफायनान्सकडे सगळ्यात शेवटी जा, आणि गेलातच तर रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा: कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. एजंट हा नियम आपणहून सांगेलच असं नाही.

यादीत नाव आलं नाही, किंवा घर ‘अंशतः’मध्ये टाकलं असं वाटलं, तर फेरपाहणीचा अर्ज तहसीलदारांना द्या. सोबत शिक्का मारलेली जुनी प्रत आणि फोटो जोडा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, तिथेही तक्रार मांडता येते. पंचनाम्याची प्रत हातात देत नसतील तर माहिती अधिकारात मागा: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस.